म्युझिक फेस्टिव्हलला तंबूत राहायचंय? आधी झोपेचं बघा

पहिल्यांदा जाणारे सगळा विचार तंबूचा करतात, झोपेचा कुणीच करत नाही. मग रविवारी आवडता बँड स्टेजवर येतो तेव्हा हे कुठंतरी सावलीत आडवे.

तंबूवर लिहिलेला माणसांचा आकडा खांद्याला खांदा लावून, बॅगा बाहेर ठेवून झोपणाऱ्यांचा असतो. दोघं असाल तर चार जणांचा घ्या आणि निघण्याआधी एकदा घरी उभा करून बघा. खुंट्या कमी आहेत हे अंधारात कळण्यात मजा नाही.

खरी गोष्ट जागेची. उजेड असतानाच पोचा. खोलगट जागा दिसायला छान सपाट असते, पण पावसाचं पाणी तिथंच साचतं. टॉयलेट, जनरेटर आणि मुख्य वाट यांच्यापासून लांब राहा. वाटेकडेच्या तंबूच्या दोऱ्यांत रात्रभर कुणी ना कुणी अडखळतंच. जमीन थोडी उतरती असेल तर डोकं चढाकडे करा आणि दार वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला.

खुंटी सरळ ठोकू नका. साधारण 45 अंशात, तिचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं हवं, म्हणजे दोरीच्या ओढीनं ती उपटत नाही. खाली अंथरलेलं प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर डोकावत असेल तर आत दुमडा, नाहीतर छतावरून ओघळलेलं पाणी त्यावर पडून थेट तुमच्या खाली येतं. सकाळी आतून कापड ओलं दिसलं की लोक तंबूला शिव्या घालतात. बहुतेक वेळा ती आपल्याच श्वासाची वाफ असते, म्हणून गारठ्यातही झरोके बंद करू नका. आणि आत शेगडी किंवा कोळसा कधीच नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

मॅटवर मात्र कंजूषी करू नका. स्लीपिंग बॅगचा अंगाखालचा भर दाबला जातो आणि ऊब जमिनीत जाते. साधी हवेची गादी मऊ असते, पण आतली हवा गारच पडते. तिच्यावर फोमची मॅट टाका.

फोमचे इअरप्लग नुसते कानात कोंबून उपयोग नाही. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवा. स्टेजसमोरही लावा.

गर्दीत नेटवर्क शोधण्यातच फोनची बॅटरी संपते, तेव्हा फ्लाइट मोड बरा. 10,000 एमएएचच्या पॉवर बँकेतून 5,000 चा फोन दोनदा पूर्ण चार्ज होत नाही, फार तर सव्वा-दीड वेळा. हेडलॅम्प, टॉयलेट पेपर, कोरडे मोजे (एक जोड फक्त झोपण्यासाठी) हे हाताशी ठेवा. काचेच्या बाटल्या आणि स्टोव्ह चालतात का, हे आयोजकांच्या नियमांत आधीच वाचून घ्या.

परतताना तंबू ओलाच गुंडाळावा लागला तर हरकत नाही, पण घरी पोचल्याबरोबर दोरीवर वाळत घाला. पिशवीत तसाच राहिला तर बुरशी येते आणि तो वास काही केल्या जात नाही.