फेनवे पार्कात पेन्सिल घेऊन

बोस्टनच्या फेनवे पार्कचं तिकीट काढताना आधी खांब बघायचे. हे मैदान 20 एप्रिल 1912 ला सुरू झालं, टायटॅनिक बुडाल्यावर पाचच दिवसांनी. मेजर लीग बेसबॉलचे, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यांत वरच्या लीगचे, सामने जिथे अजून होतात, त्या मैदानांत हेच सगळ्यांत जुनं. त्या काळात छप्पर तोलायला प्रेक्षकांच्या मधोमध लोखंडी खांब उभे करत. ते आजही तिथेच आहेत. खुर्ची नेमकी खांबामागे आली, तर चेंडू टाकणारा पिचर दिसतो आणि बॅटर गायब. उजव्या कोपऱ्यातल्या काही रांगांचं आणखी वेगळं: जुन्या आखणीमुळे तिथल्या खुर्च्यांची तोंडं बॅटरकडे नाहीतच, सगळा सामना मान वळवून बघावा लागतो. बोस्टनबाहेर वेस्टबरोला राहणाऱ्या आमच्या मित्राला हे सगळं पाठ होतं. पुण्याहून माझ्याबरोबर आलेली मैत्रीण फोनवर म्हणाली, "अरे, कुठलंही काढ, एकदा बघायचंय फक्त." त्यावर तो गप्प बसला आणि अर्धा तास नकाशा बघून तिसऱ्या बेसच्या (धावताना गाठायच्या तिसऱ्या टप्प्याच्या) बाजूची, खांबाच्या पुढच्या रांगेतली तिकिटं काढली.

तिकीट कागदावर मिळत नाही. मेजर लीगचं बॉलपार्क नावाचं ॲप आहे, त्यात ते येतं. ज्याने काढलं तो ते इतरांच्या नावावर पाठवू शकतो. आम्ही आपापल्या फोनवर आधीच घेऊन ठेवलं, कारण फाटकाशी हजारो लोक एकदम फोन उघडतात तेव्हा नेटवर्क रडतं. वारही विचार करून निवडला होता. शनिवार-रविवारी आणि न्यूयॉर्कचा यांकीज संघ आला की भाव चढतात. मधल्या वारी बाल्टिमोरचा संघ येणार होता, तेव्हा परवडलं. एका संघाचे हंगामात 162 सामने असतात, त्यातले अर्धे घरच्या मैदानावर. त्यामुळे 'आजच बघायला हवं' अशी घाई कुणालाच नसते. भारत-पाकिस्तान सामन्याच्या तिकिटांसाठी रात्र जागवलेल्या माणसाला हे फार विचित्र वाटतं.

गाडीने जायचं नाही यावर मित्र ठाम होता. पार्किंगचे दर ऐकल्यावर आम्हीही वाद घातला नाही. वूस्टरची लोकल वेस्टबरोला मिळते आणि लॅन्सडाउन नावाच्या स्टेशनवर उतरवते, तिथून मैदान पाच-सात मिनिटांवर. शहरातच राहत असाल तर ग्रीन लाइन मेट्रोने केनमोअर स्टेशन. नकाशा बघायची गरज नाही, रेड सॉक्स या बोस्टनच्या संघाच्या टोप्यांच्या मागे चालत राहायचं. फक्त परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते जातानाच बघून ठेवायचं. आपल्याकडच्या लोकलची सवय असलेल्यांना दोन गाड्यांमधलं अंतर पचत नाही.

पाठीवरची सॅक आत चालत नाही, म्हणून सामान मित्राच्या घरी ठेवूनच निघालो होतो. लहान पर्स चालते. आत रोख पैसेही चालत नाहीत, सगळं कार्डावर. आपलं फॉरेक्स कार्ड चाललं. बिअर हवी असेल तर केस कितीही पांढरे असोत, वयाचा पुरावा काढायचा; परदेशी माणसाचा पासपोर्टच लागतो. आम्ही तिघंही पन्नाशीच्या पुढचे. काउंटरवरच्या पोराने मित्राच्या टकलाकडे बघून गंभीरपणे ओळखपत्र मागितलं, तेव्हा तो खूश झाला.

खायचं म्हणाल तर इथला हॉट डॉग प्रसिद्ध आहे, पण सॉसेज म्हणजे बीफ किंवा पोर्क धरूनच चालायचं. जे खात नाहीत त्यांनी विचारल्याशिवाय हात लावू नये. मैत्रीण शाकाहारी. तिने खारे शेंगदाणे घेतले, सालासकट भाजलेले. सालं कुठे टाकायची म्हणून ती पिशवी शोधत होती, तर शेजारच्या बाईंनी खुशाल पायाशी टाकायला सांगितलं. आजूबाजूला तोच गालिचा पसरला होता.

त्या शेजारच्या बाईंमुळेच आमची संध्याकाळ झाली. सत्तरीच्या असतील. मांडीवर पुठ्ठा, त्यावर चौकटी आखलेला कागद, कानामागे पेन्सिल. सामना नऊ डावांचा; प्रत्येक डावात आधी पाहुणे, मग यजमान बॅटिंग करतात, आणि तिघे बाद झाले की पाळी बदलते. पहिले दोन डाव आम्ही तिघं आपलं क्रिकेट चालवत होतो. बॅटला लागून चेंडू मागे प्रेक्षकांत गेला की मैत्रीण "फोर!" म्हणून उठायची, आणि मित्र तिला खाली बसवायचा. लेट कटला इथे किंमत नाही. बॅटर उभा असतो त्या होम प्लेटपासून काटकोनात निघणाऱ्या दोन रेषांच्या बाहेर गेलेला चेंडू फाउल, बॅटरच्या नावावर एक स्ट्राइक. बॅट फिरवून हुकलेला किंवा नीट आलेला असून सोडलेला चेंडूही स्ट्राइकच. तीन स्ट्राइक झाल्या की बाद. पण दोन झाल्यावर नुसत्या फाउलने तिसरी लागत नाही, त्यामुळे चिवट बॅटर फाउल मारत मारत पिचरला दमवू शकतो. उलट चार चेंडू बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीबाहेर पडले आणि त्याने ते सोडले तर बॅटर फुकट पहिल्या बेसवर. नियम म्हणून हे कळलं होतं. मजा मात्र येत नव्हती. बराच वेळ कुणी धावतच नाही, मग एकदम सगळेच धावतात, आणि तेवढ्यात आपण पॉपकॉर्नकडे बघत असतो.

मी त्यांच्या कागदाकडे डोकावतेय हे बाईंनी पाहिलं असावं. "लिहायचंय का?" म्हणाल्या, आणि एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

पद्धत अशी. मैदानावरच्या नऊ जणांना नऊ आकडे: पिचर 1, कॅचर 2, पहिल्या बेसवरचा 3, दुसऱ्यावरचा 4, तिसऱ्यावरचा 5, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप 6, मग बाहेरचे तिघे डावीकडून उजवीकडे 7, 8, 9. हे आकडे पाठीवरच्या नंबरांशी जोडायचे नाहीत. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसकडे फेकला आणि बॅटर बाद झाला, तर चौकटीत लिहायचं 6-3. मधल्या क्षेत्ररक्षकाने झेल घेतला तर 8. एकाच चेंडूवर दोघे बाद होतात, म्हणजे डबल प्ले, ते बहुधा 6-4-3. तीन स्ट्राइकवर बाद झाला की इंग्रजी 'के', आणि शेवटच्या स्ट्राइकला बॅट न फिरवता नुसता बघत राहिला असेल तर तोच 'के' उलटा काढायचा. त्याची फजिती कायमची कागदावर! चौकटीच्या मधोमध छोटा चौकोन असतो, खेळाडू जितक्या बेस गाठेल तितक्या बाजू गिरवायच्या. घरी, म्हणजे होम प्लेटवर, परतला आणि रन झाला, की चौकोन पूर्ण भरून काळा करायचा.

ही पद्धत रुजवणारा माणूस कोण, तर हेन्री चॅडविक. जन्म 1824, इंग्लंडातल्या एक्झेटरचा, लहानपणीच ब्रुकलिनला आलेला, आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. क्रिकेटचा स्कोअरकार्ड डोक्यात असलेल्या माणसाने बेसबॉलला वही दिली. हे बाईंनीच सांगितलं, आम्ही भारतातून आलोय हे कळल्यावर जरा मुद्दामच. मैत्रीण लगेच म्हणाली, "म्हणजे आपलंच की!" मी शाळेत असताना रेडिओवरची कॉमेंट्री ऐकत वहीत कसोटीचे धावफलक लिहायचे. पेन्सिल हातात आल्यावर माझी नजर बदलली. पुढचा चेंडू टाकायच्या आधी 4 आणि 6 कुठे उभे आहेत ते मी बघू लागले. पहिल्या बेसवर माणूस असेल तर ते दोघे सरकतात, डबल प्लेच्या तयारीने. ज्या वेळात 'काहीच होत नाही' असं वाटत होतं, सगळं खरं तर तेव्हाच चाललं होतं.

खेळ आता पूर्वीइतका रेंगाळतही नाही. 2023 पासून पिचरला घड्याळ लावलंय. बेसवर कुणी नसेल तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकायला हवा. आधीच्या वर्षी सामना सरासरी तीन तासांच्या वर जायचा, त्या हंगामात तो 2 तास 40 मिनिटांवर आला. बाईंना हे पसंत नव्हतं. लिहायला वेळ मिळत नाही म्हणाल्या. मला विचाराल तर ते घड्याळ आयपीएलच्या कप्तानांना आणून दाखवावं.

डावीकडे ती प्रसिद्ध हिरवी भिंत. ग्रीन मॉन्स्टर. होम प्लेटपासून जेमतेम 310 फुटांवर, आणि उंची 37 फूट. बाहेर रस्ता असल्यामुळे जागाच नव्हती, म्हणून अंतराची कसर उंचीत काढली. क्रिकेटची सीमारेषाही सगळीकडे सारखी नसते, पण इथे भिंत स्वतःच खेळते. दुसऱ्या मैदानावर सरळ होम रन (आपल्या षटकारासारखा) झाला असता असा एक उंच चेंडू भिंतीवर आपटून खाली आला. डाव्या क्षेत्ररक्षकाने तो भिंतीकडे न बघता, आवाजावरूनच जणू, बरोबर उसळीवर पकडला आणि बॅटर दुसऱ्या बेसवर थांबला. वानखेडेवर असा चेंडू कुठे गेला असता यावर आमचा मग बराच वेळ वाद झाला.

भिंतीच्या पायथ्याशी धावफलक आहे. अजूनही आत माणसं बसून हाताने आकडे लावतात. त्यावरच्या पांढऱ्या उभ्या रेषांवर टिंब आणि रेघा दिसतात, ती मोर्स लिपी: जुने मालक टॉम यॉकी आणि त्यांची बायको जीन यांची आद्याक्षरं. याच यॉकींच्या काळात रेड सॉक्सने कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला सगळ्यांत उशीर लावला. कृष्णवर्णीयांना लीगची दारं उघडणारा जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये आला 1947 ला, रेड सॉक्सचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू पम्प्सी ग्रीन 1959 ला. मैदानाबाहेरच्या रस्त्याला यॉकींचं नाव होतं, ते 2018 मध्ये काढून पुन्हा जर्सी स्ट्रीट केलं. स्टेशनचंही नाव बदललं, आम्ही उतरलो तेच लॅन्सडाउन. फलकावरची टिंबं मात्र राहिली. ती वाचता येणारे थोडे, म्हणून राहिली असतील, असं माझं मत.

समोर दूर, उजव्या बाजूच्या हिरव्या खुर्च्यांच्या समुद्रात एकच खुर्ची लाल आहे. 9 जून 1946 ला रेड सॉक्सचा बॅटर टेड विल्यम्स याने मारलेला चेंडू तिथे पडला, 502 फुटांवर, आणि तिथे बसलेल्या प्रेक्षकाच्या गवती टोपीला भोक पाडून गेला. मित्र सांगत होता की तिचंही तिकीट इतरांसारखंच विकलं जातं. मैत्रिणीने तिथे बसून इकडे बघितल्यावर बॅटर मुंगीएवढा दिसेल असा हिशेब केला आणि तो विषय संपवला.

सातव्या डावाच्या मध्ये सगळे उठून आळोखेपिळोखे देतात. आठव्याच्या मध्ये सगळं मैदान एक जुनं गाणं म्हणतं, ठरलेल्या जागी हात वर करून. शब्द येत नसले तरी चालतं. तोवर थंडी वाजायला लागली होती. मे महिना असला तरी बोस्टनच्या रात्रीला जाकीट लागतं. मित्राने सांगितलं होतं, आम्ही शहाण्यासारखं ऐकलं होतं.

नववा डाव सुरू झाला तेव्हा रेड सॉक्स दोन रननी पुढे होते. आधी पाहुण्यांनी बॅटिंग केली आणि त्यांचे तिघे बाद झाले: 6-3, 8, आणि एक उलटा 'के'. यजमान पुढेच असल्यामुळे त्यांचा अर्धा डाव खेळायचा प्रश्नच आला नाही. बाईंनी माझ्या कागदावर त्या रिकाम्या चौकटीत फुली मारून दाखवली, मी बेरीज केली आणि त्यांनी ती तपासली. चौथ्या डावातला एक 5-3 मी 6-3 लिहिला होता, तो त्यांनी खोडून दुरुस्त केला. कागद परत द्यायला गेले तर म्हणाल्या, "तुझाच आहे, सही कर आणि तारीख टाक." मित्र जिन्यावरून हाका मारत होता. वूस्टरच्या गाडीला अठरा मिनिटं होती, आणि पुढची एकदम तासाभराने.