दोडक्याचा चावा

जुलै महिना होता आणि साताऱ्यात तीन दिवस पावसाने उघडीप दिली नव्हती. माझ्या प्राण्यांच्या दवाखान्यातली सकाळची ओपीडी आटोपत आलेली असताना एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. त्यांच्या डॅशहाऊंड कुत्र्याला मी तो दीड महिन्याचा असल्यापासून ओळखते. लांबुडका म्हणून काकांनी त्याचे नाव दोडका ठेवले, आणि घरात एवढा लाडका असलेला दोडका मी दुसरा पाहिलेला नाही. काका म्हणाले, "ताई, तसं विशेष काही नाही. हा आज गोधडीतून बाहेरच येत नाहीये. पाऊस पडला की हट्ट करतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण आज सकाळी पोळीचा तुकडा दाखवला, तरी उठला नाही."

पावसाचा हट्ट मला चांगलाच ठाऊक होता. या कुत्र्यांचे पोट जमिनीपासून जेमतेम चार बोटे वर असते. अंगणात पाणी साचले की आपले पाय भिजण्याआधी त्यांचे पोट भिजते, आणि मग ती उंबऱ्यावर बसून आपल्याकडे असे पाहतात की जणू पाऊस आपणच पाडला आहे. दोडका तर पावसाळ्यात सकाळी दहापर्यंत गोधडीच्या घडीत घुसून राहायचा आणि कोणी ओढू लागले की गुरगुरायचा. त्यामुळे काकाकाकूंनी सकाळचे चार तास त्याची समजूत काढण्यात घालवले होते, यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. मात्र पोळी नाकारणारा डॅशहाऊंड मी आजवर पाहिलेला नव्हता. मी विचारले, "हाक मारल्यावर शेपूट हलवतो का?" पलीकडे थोडा वेळ शांतता झाली आणि मग मागून काकूंचा आवाज आला, "डोळे हलवतो हो, शेपूट नाही."

मी त्यांना सांगितले की त्याला हातावर उचलू नका, एखाद्या फळीवर आडवा ठेवा, अंगावरून चादर बांधा आणि तसाच घेऊन या. काकूंनी आधी जेवणाचा पाट काढला. त्यावर दोडक्याचा पुढचा अर्धा भाग मावला आणि मागचा अर्धा बाहेर राहिला. अखेर इस्त्रीची फळी उपयोगी पडली. अर्ध्या तासाने रिक्षा दवाखान्यासमोर थांबली तेव्हा त्या फळीचे एक टोक बाहेर डोकावत होते, त्यावर प्लॅस्टिकचा कागद होता, आणि कागदाखालून एक लांब नाक माझ्याकडे पाहून गुरगुरत होते. ते गुरगुरणे ऐकून मला थोडा धीर आला, कारण दोडक्याचे आणि माझे कधीच पटलेले नाही. त्याच्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात नोंदी आहेत: तुळशीची कुंडी उकरली, डोळ्यांत माती, मोजा गिळला, उलटीतून बाहेर, लस देताना चावण्याचा प्रयत्न, पुन्हा प्रयत्न.

हकीगत विचारल्यावर एकेक गोष्ट बाहेर आली. आदल्या संध्याकाळी दारावरची बेल वाजली आणि सिलिंडरवाल्यावर भुंकण्यासाठी दोडक्याने दिवाणावरून उडी घेतली. एकदाच केकाटला. नंतर पाठीला बाक काढून चालत होता, म्हणून काकांनी घरातली माणसांची वेदनाशामक गोळी अर्धी करून त्याला दिली. हे ऐकून मी हातात घेतलेली स्टिरॉईडची बाटली परत कपाटात ठेवली. ती दोन औषधे एकामागून एक पोटात गेली, तर कुत्र्याच्या जठराला व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो.

वय पाच वर्षे, वजन नऊ किलो. त्याच्या अंगकाठीला सात पुरे झाले असते. मी त्याचा मागचा पंजा उलटा करून टेबलावर टेकवला. निरोगी कुत्रा तो क्षणात सरळ करतो, दोडक्याचा पंजा उलटाच राहिला. पाठीची कातडी चिमटीत धरत मी मागून पुढे आले, तेव्हा शेवटच्या बरगड्यांच्या आसपास येईपर्यंत ती थरथरलीच नाही. मूत्राशय संत्र्याएवढे टम्म भरलेले होते.

काकांनी विचारले की एका उडीने मागचे पाय असे लुळे कसे पडतील. उडी हे निमित्त होते. जर्मनीत बिज्जू (बॅजर) या प्राण्याच्या बिळात शिरण्यासाठी ही जात घडवली गेली. तिच्या नावाचा अर्थच बिज्जूचा कुत्रा असा आहे. खोल छाती, फावड्यासारखे पुढचे पंजे, शरीराच्या मानाने फारच मोठा आवाज आणि अंधारात एकट्याने निर्णय घेण्याचा हेकटपणा ही सगळी त्या कामाची सामग्री. ते आखूड पाय एफजीएफ४ नावाच्या जनुकाच्या एका जादा प्रतीमुळे येतात, हे २००९ मध्ये कळले. आणि त्याच जनुकाची आणखी एक प्रत मणक्यांमधल्या चकत्या अकाली बिघडवते, हे २०१७ मध्ये. मी काकांना करंजीचे उदाहरण दिले. चकतीचे आतले सारण मऊ असायला हवे, ते या कुत्र्यांमध्ये लहान वयातच कोरडे आणि चुनखडीसारखे होते. मग एखाद्या दिवशी पारी फाटते आणि सारण थेट वरच्या मज्जारज्जूवर आदळते. बरगड्यांचा ताठ भाग संपून कंबरेचा लवचीक भाग सुरू होतो, तिथे हे सर्वांत जास्त घडते. चार-पाच डॅशहाऊंडांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो.

आता एकच तपासणी उरली होती आणि तीच मला टाळावीशी वाटत होती. पाय हलत नसले, तरी त्यातली खोल वेदना मेंदूपर्यंत पोहोचते की नाही, यावर पुढचे सगळे ठरते. पोहोचत असेल, तर शस्त्रक्रियेनंतर दहांतले साधारण नऊ कुत्रे पुन्हा चालतात. पोहोचत नसेल, तर ते प्रमाण निम्म्यावर येते. मी आर्टरी फोर्सेप्स, म्हणजे शस्त्रक्रियेतला चिमटा, घेतला. तोंडाला जाळी बांधली नाही, कारण मला त्याचा चेहरा पाहायचा होता. मदतनिसाला फक्त मान सैलसर धरायला सांगितली. उजव्या पंजाचे आतले बोट दाबताच पाय झटकन मागे आला.

"हलवला! ताई, पाय हलवला!" काका जवळजवळ ओरडलेच.

मला त्यांना सांगावे लागले की याला अर्थ नाही. तो झटका पायाकडून मज्जारज्जूकडे आणि तिथूनच परत पायाकडे येतो. वर मेंदूला त्याची खबरही नसते. मज्जारज्जू मध्येच पूर्ण तुटलेला असला, तरी पाय असाच मागे येतो. दोडका त्या वेळी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे शांतपणे पाहत होता, आणि त्याची ती शांतता मला अजिबात आवडली नाही. डाव्या पायाचेही तेच झाले. काकूंनी पदर तोंडाला लावला.

मी पुन्हा उजवा पाय घेतला, बाहेरचे बोट निवडले आणि या वेळी कातडीऐवजी हाडावर दाब दिला. एक, दोन, तीन. त्याचे कान मागे गेले, डोळ्यांच्या कडा पांढऱ्या दिसल्या, आणि मदतनिसाला काही कळायच्या आत दोडका पुढच्या अर्ध्या देहानिशी वळला आणि त्याने माझा अंगठा पकडला. चांगला दोन दात रुतेपर्यंत पकडला. मी नळाखाली साबणाने हात धूत उभी होते आणि हसत होते, काकू "अगं बाई, अगं बाई" करत माफी मागत होत्या, आणि मी त्यांना म्हणत होते, "काकू, चावला! त्याला कळलं!"

दुपारी दोन वाजता इस्त्रीची फळी एका गाडीच्या मागच्या सीटवर बांधून ते तिघे पुण्याला निघाले. सीटी स्कॅनमध्ये पाठीच्या बाराव्या आणि तेराव्या मणक्यांमधली चकती फुटलेली दिसली. त्याच रात्री सर्जननी मणक्याच्या बाजूला खिडकी पाडून ते कोरडे सारण बाहेर काढले.

पुढचे सहा आठवडे त्याला पिंजऱ्यात राहायचे होते, आणि डॅशहाऊंडला पिंजऱ्यात ठेवणे म्हणजे काय हे ज्याने ठेवले त्यालाच कळते. पहिल्या दोन दिवसांत त्याने आतली सतरंजी उकरून तिच्या चिंध्या केल्या. कुकरच्या प्रत्येक शिटीला तो भुंके. काकूंनी दिवाण काढून टाकून गादी जमिनीवर घातली, पोळ्या मोजून द्यायला सुरुवात केली, आणि उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागच्या भागाखाली ठेवण्याचा सराव त्या लोडावर करत. काकांच्या वाट्याला वेगळेच काम आले. दिवसातून तीन वेळा पोट दाबून दोडक्याचे मूत्राशय रिकामे करायला मी त्यांना शिकवले होते. चौतीस वर्षे गणित शिकवलेले गृहस्थ वहीत तारीख, वेळ आणि अंदाजे मिलिलिटर लिहून ठेवत.

नवव्या दिवशी पहाटे पावणेसहाला माझा फोन वाजला. बाहेर पाऊस कोसळत होता. काका धापा टाकत होते आणि पाठीमागे दोडका घर डोक्यावर घेऊन भुंकत होता.

"ताई, झाली! आपली आपण झाली!"

"कुठे?" मी झोपेतच विचारले.

"माझ्या वहीवर."