कपाटातून आत जायचं की थेट आत टाकायचं

‘मुलाला सायफाय-फँटसी वाचायला द्यायचंय, काहीतरी सुचव ना’ असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न ‘वय किती’ हाच येतो, आणि मला तोच सगळ्यात निरुपयोगी वाटतो. टोल्किनचं ‘द हॉबिट’ छापायचं की नाही हे ठरवायला प्रकाशकानं १९३६ साली ते हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनर अन्विनला, वाचायला दिलं होतं. मेहनताना एक शिलिंग. साहेबांनी अभिप्राय लिहिला की पाच ते नऊ वयाच्या मुलांना हे आवडेल. म्हणजे स्वतः दहाचा, पुस्तक आवडलेलं, पण शिफारस मात्र आपल्यापेक्षा लहानांसाठी! वयाच्या लेबलांचं हे असं असतं.

मी आजकाल वेगळंच विचारते. काही कळत नसताना हा मुलगा किंवा ही मुलगी किती पानं रेटू शकते? कारण या प्रकारच्या पुस्तकांत खरी अडचण भाषेची नसतेच, अडचण ही की जग नवीन, नियम नवीन, आणि ते कुणी बसून समजावून सांगत नाही, इकडून तिकडून वेचत जावं लागतं. मोठ्या वाचकाला यातच मजा येते, नवख्याला वाटतं की आपल्यालाच काही कळत नाहीये, आणि मग पुस्तक मिटतं ते मिटतंच.

म्हणून माझ्या डोक्यात दोनच कप्पे आहेत. एक, दारातून आत नेणारी पुस्तकं, ज्यात नायकालाही वाचकाइतकंच कमी माहिती असतं. दुसरी, तुम्हाला थेट आत टाकून मोकळी होणारी. ‘हॉबिट’मध्ये बिल्बोच्या घरी तेरा बुटके येऊन धडकतात तेव्हा त्याला काय चाललंय ते कळत नाही आणि आपल्यालाही नाही, म्हणून आपण त्याच्याबरोबर आरामात निघतो. त्याच टोल्किनचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ सुरू होतं ते हॉबिटांच्या चालीरीती आणि त्यांच्या पाइपातल्या तंबाखूवरच्या निबंधवजा प्रस्तावनेनं. उत्साही मामा-काका सिनेमा आवडला म्हणून तो जाडजूड ठोकळा भेट देतात आणि पोरगं विसाव्या पानावर गळतं. ‘ड्यून’चंही तेच, मागे शब्दार्थांची यादी जोडलीय यातच सगळं आलं. ग्रेट पुस्तक, पण पहिलं नव्हे.

दारवाल्यांत माझी लाडकी म्हणजे सी. एस. लुईसची नार्निया मालिका, पण क्रम सांभाळा. हल्ली संचावर ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ला १ नंबर असतो, कारण त्यातली गोष्ट आधी घडते, पण ते आलं १९५५ मध्ये आणि कपाटवालं, म्हणजे ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’, १९५० मध्ये. कपाटवाल्या पुस्तकात छोटी लूसी कोटांच्या गर्दीतून पुढे सरकते, पायाखाली बर्फ कुरकुरतो, आणि जंगलाच्या मधोमध चक्क एक दिव्याचा खांब उभा! का? कुणी लावला? काही पत्ता नाही. नंबरानं वाचणाऱ्याला त्या खांबाची जन्मकथा आधीच ठाऊक असते, मग त्याला आश्चर्य कशाचं वाटणार? छापील नंबर बाजूला ठेवा आणि कपाटापासूनच सुरू करा, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

मिखाएल एंडेच्या ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’त (मूळ जर्मन, १९७९) तर हे दार शाईतच दिसतं, आपलं जग एका रंगात आणि काल्पनिक जग दुसऱ्या रंगात छापलेलं. काही आवृत्त्यांमध्ये सगळं काळंच असतं. शक्य असेल तर दोन रंगांची शोधा, पानं उलटतानाच पोरं खूश होतात.

विज्ञानाकडे ओढा असेल तर ‘अ रिंकल इन टाइम’ द्या, १९६२चं आहे. अंतराळातला शॉर्टकट समजावायला त्यात एक बाई आपल्या झग्याचं कापड दोन्ही हातांत ताणून धरते, म्हणे मुंगीला या हातापासून त्या हातापर्यंत चालायला केवढा वेळ लागेल, आणि मग दोन्ही हात जवळ आणते. झालं, मुंगी पोचली. ज्यूल व्हर्न द्यायचा तर ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’मधल्या माशांच्या लांबलचक याद्या बिनधास्त गाळायची परवानगी आधीच देऊन टाका, किंवा भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न द्या. आणि मराठीतच हवं असेल तर नारळीकरांचं ‘वामन परत न आला’ आहेच, खोदकामात सापडलेल्या एका वस्तूपासून आपल्याच जगात सुरू होतं, तेरा-चौदाच्या मुलांना झेपतं.

अशी दोन-तीन झाली की मग आत टाकणारी. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) छोटंसं आहे पण दमदार, त्यातल्या जादूगार पोराचा शत्रू त्यानंच घमेंडीत मोकळा सोडलेला असतो. आणि मग ‘द गिव्हर’. त्यातला जोनास मित्राबरोबर सफरचंद फेकाफेकी करत असतो आणि हवेत असताना क्षणभर त्या सफरचंदात काहीतरी बदलतं. काय, ते त्यालाही सांगता येत नाही. घरी नेऊन भिंगाखाली धरून बघतो, काही नाही. उत्तर बऱ्याच पानांनी मिळतं आणि मग कुणीही धावत मागे जाऊन आधीची पानं तपासतं, कारण आपल्याही लक्षात आलेलं नसतं!

एक वॉर्निंग, ‘गिव्हर’चा शेवट मोकळा सोडलाय आणि त्यावर पोरं भयंकर चिडतात, शेवटी नक्की झालं काय म्हणून डोकं खातात. १९९३च्या या पुस्तकानंतर लोईस लॉरीनं त्याच जगातली आणखी तीन लिहिली, शेवटचं २०१२ मध्ये आलं, आणि त्यांत उत्तर मिळतं. पण हे लगेच सांगू नका हं, निदान आठवडाभर तरी भांडू द्या.