स्टारशिपचे उड्डाण आणि खालचे काँक्रीट

शनिवार, २२ एप्रिल २०२३

दोन दिवस उलटले, तरी स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीच्या स्टारशिप या महाकाय रॉकेटच्या गुरुवारच्या उड्डाणाचे ते दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही. सोमवारी एक झडप गोठल्यामुळे उलटी गणती थांबवावी लागली होती आणि तेव्हापासून माझे दुसऱ्या कशात लक्ष लागत नव्हते. अखेर टेक्सासच्या किनाऱ्यावरील बोका चिका येथून सुमारे १२० मीटर उंचीचे स्टारशिप धुरळ्यातून वर सरकू लागले, तेव्हा मी नकळत उभा राहिलो होतो.

३३ पैकी ३ इंजिने सुरुवातीलाच बंद असल्याचे पडद्यावरील आकृतीत दिसत होते. एवढी इंजिने एकत्र चालतील का, ही शंका मला आधीपासून होती, कारण सोव्हिएत संघाच्या ३० इंजिनांच्या एन-१ या रॉकेटची १९६९ ते १९७२ या काळातली चारही उड्डाणे फसली होती. यानाने सुमारे ३९ किलोमीटरची उंची गाठली, मग ते गिरक्या घेऊ लागले आणि चार मिनिटांच्या आसपास नष्ट झाले. त्या क्षणी स्पेसएक्सच्या कर्मचाऱ्यांनी केलेला जल्लोष अनेकांना खटकला. मला तो समजला. यानात माणूस नव्हता, खाली समुद्र होता, आणि पहिल्या चाचणीत जे कळायला हवे त्यातले बरेचसे कळले होते.

माझे मन अडते ते उड्डाणमंचाखालच्या काँक्रीटपाशी. ज्वाळा वळवणारा चर नाही, पाण्याचा मारा नाही, आणि फेब्रुवारीत ३१ इंजिने साधारण निम्म्या जोराने चालवून पाहिली त्या अनुभवावर, उष्णतारोधक काँक्रीट एक उड्डाण सोसेल असे गृहीत धरले गेले. पाण्याने थंड राहणारी पोलादी प्लेट वेळेत तयार झाली नाही, तरी उड्डाण झाले. मंचाखाली मोठा खड्डा पडला, काँक्रीटचे तुकडे समुद्रापर्यंत उडाले आणि काही किलोमीटरवरच्या पोर्ट इझाबेल गावावर धूळ बसली. आकाशातला धोका विचारपूर्वक पत्करलेला होता. जमिनीवरचा मात्र ज्यांना कोणी विचारले नव्हते अशा माणसांच्या आणि शेजारच्या अभयारण्यातील पक्ष्यांच्या वाट्याला आला, आणि हे मला मान्य होत नाही.

चंद्रावर माणसे उतरवण्यासाठी नासाने २०२१ मध्ये याच यानाची निवड केली आहे आणि ते उतरलेले पाहण्याची माझी ओढ तसूभरही कमी झालेली नाही. पुढच्या उड्डाणाची तारीख ठरेल, तेव्हा ती पोलादी प्लेट बसवली का, हे मी आधी शोधेन.