संबळवाल्याच्या मागची रात्र

फ्रेमवाला म्हणजे लाकूड कापून काच बसवणारा असं लोकांना वाटतं, पण आमचं निम्मं लक्ष चित्राला काय टेकतंय याच्याकडे असतं. त्यातून अॅक्रिलिक रंगाचं चित्र असेल तर जास्तच. हाताला लगेच सुकतं म्हणून सगळे निर्धास्त होतात, पण मुळात ते प्लॅस्टिक, उष्णतेनं परत मऊ पडतं आणि टेकलेल्या वस्तूला धरून बसतं.

मे महिन्यात एका चित्रकार ताईंचं चित्र प्रदर्शनातनं परत आलं. विकलं गेलेलं, वार्निश आणि फ्रेम झाली की घेणाऱ्याकडे जायचं. विषय गोंधळ. मधे संबळवाला, शेजारी तुणतुणं, पुढे पेटलेली दिवटी, मागे नुसती काळी-निळी रात्र. आणि गळ्यातली कवड्यांची माळ तर काय सांगू, एकेक कवडी मॉडेलिंग पेस्टनं (उठाव द्यायचा घट्ट लगदा) उठवलेली आणि मधली दातेरी फट बारीक ब्रशनं काढलेली. संबळाचं एक तोंड लहान एक मोठं, एका काठीचं टोक वाकडं, सगळं बरोबर. ताई गोंधळ्यांसोबत बसून बघून आल्यात ते कळतं, नाहीतर हल्ली फेटा आणि मशाल रंगवली की झाली लोककला.

पॅकिंगवाल्यांनी बबल रॅप फोड आत करून थेट रंगावर गुंडाळलेला, मधे ग्लासीन पेपर (सहसा न चिकटणारा गुळगुळीत कागद) नाही, वरून बंद टेम्पोत भर उन्हातनं प्रवास. इतका बेफिकीरपणा बघून डोकं फिरतं. ओढला असता तर रंग सालीसारखा निघाला असता. एसी लावून खोली गार केली, रंग जरा कडक होऊ दिला (फार गार केला तर तडकतो), मग कोपऱ्यातनं रॅप उलटा दुमडत, कॅनव्हासला जवळजवळ समांतर ठेवून अगदी सावकाश सोडवला. कवड्या वाचल्या, पेस्ट कडक असते. पण मागच्या रात्रीच्या रंगाला खोली यावी म्हणून त्यावर ग्लॉस मिडियमचे (चकाकी देणारं पारदर्शक द्रव्य) पातळ थर दिलेले, तो भाग मऊ, तिथे फोडांचे गोल गोल ठसे राहिले. तिरप्या उजेडात सगळे दिसत होते.

ताई आल्या, बराच वेळ बघत बसल्या आणि दुकानातच मागची रात्र पुन्हा रंगवायला घेतली. आधीपेक्षा गडद झाली, दिवटी जास्त उठून दिसते, खरं तर चित्र सुधारलंच. मी म्हटलं, "ताई, घेणाऱ्यांना एक फोन करून सांगा ना." तर म्हणाल्या, "दादा, हात माझाच आहे, सांगायचं काय त्यात?"

त्यांचं चूक म्हणवत नाही. पण त्या माणसानं प्रदर्शनात उभं राहून जी रात्र बघून पैसे दिले ती आता खालच्या थरात आहे, त्याला हे कळायला हवं होतं असं मला अजून वाटतं. पुढच्या वेळी ताईंना परत विचारणार आहे.