बेरीज शून्य, मग क्षेत्र कशावर चालतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुमच्या आधी अनेकांनी विचारलंय, आणि दर वेळी चेहऱ्यावर तोच ‘पकडली हिला’ असा भाव असतो. प्रश्न असा : एक्सायटॉन म्हणजे अर्धवाहकात बांधलेली जोडी, एक इलेक्ट्रॉन आणि एक होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली रिकामी जागा). एक ऋण, एक धन, बेरीज शून्य. मग क्वांटम डॉटमधल्या, म्हणजे काही नॅनोमीटरच्या अर्धवाहक कणातल्या, असल्या उदासीन जोडीवर विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र लावून तुम्ही नक्की काय हलवता?

झीमनने 1896 मध्ये चुंबकीय क्षेत्रात सोडियमच्या वर्णपटातल्या रेषा रुंदावताना पाहिल्या, स्टार्कने 1913 मध्ये विद्युतक्षेत्रात हायड्रोजनच्या रेषा फुटताना. ते अणूही उदासीनच होते. पण त्यांना कोणी हा प्रश्न विचारत नाही, मला विचारतात.

पूर्वी माझं उत्तर पाठ होतं. क्षेत्र इलेक्ट्रॉनला एकीकडे ओढतं, होलला दुसरीकडे; जोडी ताणली जाते, ऊर्जा उतरते, दोघं एकमेकांत मिळून विझताना देतात त्या प्रकाशाची रेषा लाल बाजूला सरकते. संपलं. आता हे उत्तर मला स्वतःलाच पुरत नाही. गॅलियम आर्सेनाइडच्या सलग स्फटिकात एक्सायटॉनची बंधनऊर्जा, म्हणजे जोडी तोडायला लागणारी ऊर्जा, जेमतेम 4 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. सेंटिमीटरला काही हजार व्होल्टचं क्षेत्र त्याची फारकत करायला पुरतं. इंडियम आर्सेनाइडच्या डॉटमध्ये तोच एक्सायटॉन सेंटिमीटरला लाखभर व्होल्ट सोसून टिकतो. टिकतो तो आपसातल्या ओढीमुळे नव्हे, डॉटच्या भिंती दोघांना बाहेर पडू देत नाहीत म्हणून. मग मी मोजते ते जोडीचं वागणं की भिंतींचं? तेव्हाची मी म्हणाली असती, दोन्ही एकच. आजची मी तेवढ्या ठामपणे म्हणणार नाही.

त्या ठामपणालाच धक्का बसला होता, म्हणून तो प्रसंग सांगते.

डायोडमध्ये गाडलेल्या एकेका डॉटची रेषा मी क्षेत्र वाढवत मोजत होते. क्षेत्र वाढलं की प्रकाश मंदावतो, कारण इलेक्ट्रॉन होलशी मिळण्याआधीच टनेलिंगने, म्हणजे भिंतीच्या आरपार, निसटतो. मग तीच रेषा प्रकाशाऐवजी विद्युतप्रवाहात शोधायची. ऊर्जेचा आलेख पॅराबोला येतो, ते सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या पॅराबोलाचं शिखर मात्र शून्य क्षेत्रावर नव्हतं, बाजूला सरकलेलं होतं. म्हणजे क्षेत्र लावण्याआधीपासूनच जोडीत द्विध्रुव, म्हणजे दोन भारांमधला दुरावा, होता, आणि त्याची दिशा सांगत होती की होल वर, डॉटच्या टोकाकडे आहे आणि इलेक्ट्रॉन खाली. एकसारख्या इंडियम आर्सेनाइडचा पिरॅमिड धरून केलेली गणितं नेमकं उलटं सांगत. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठाच्या गटाने 2000 साली हीच उलटी मांडणी छापली होती, अंतर सुमारे 0.4 नॅनोमीटर, म्हणजे स्फटिकाच्या एका घरापेक्षाही कमी. तो निकाल मी स्लाइडवर लावलाही होता.

सेमिनारला पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ म्हणाले, “अगं, तारा उलट्या जोडल्या असशील.” सगळे हसले. मी म्हणाले, सर, हा डायोड आहे. उलटा जोडला तर सरळ बायसमध्ये, म्हणजे प्रवाह वाहू देणाऱ्या दिशेत, जाऊन भरमसाट प्रवाह वाहील, ते लपणार कसं? ते म्हणाले, “बरं. मग त्यांच्या डॉटमध्ये असेल तसं. तुझ्या डॉटमध्ये कशावरून?” पुन्हा हशा. पुढच्या स्लाइड कोणी पाहिल्या नसाव्यात; मीही त्या घाईघाईने उरकल्या.

नंतर मी थरांचा क्रम उलटा असलेलं सॅम्पल मिळवलं, होल जास्त असलेला p थर खाली आणि इलेक्ट्रॉन जास्त असलेला n वर. डॉट तसेच, फक्त क्षेत्राची दिशा उलटी. शिखर दुसऱ्या बाजूला गेलं, जायलाच हवं होतं. त्या ज्येष्ठांना मी हे कळवलं नाही. कळवायला हवं होतं, असं अजूनही वाटत नाही.

पण त्यांचा दुसरा प्रश्न फालतू नव्हता. होल वर जायला डॉटच्या खालच्या भागात गॅलियम मिसळलेलं आणि टोकाकडे इंडियम जास्त असावं लागतं, असं स्पष्टीकरण आहे. माझ्या डॉटमध्ये ते तसंच होतं का, हे पॅराबोला सांगत नाही. तो फक्त सरासरी अंतर सांगतो.

चुंबकीय क्षेत्राचं तुम्ही कमी विचारता, म्हणून थोडक्यात. स्फटिकाचे थर ज्या दिशेने वाढवले त्याच दिशेने क्षेत्र लावलं की रेषेच्या दोन होतात, हा स्पिनचा, म्हणजे कणाच्या अंगभूत चुंबकपणाचा, झीमन परिणाम. शिवाय दोन्ही मिळून क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे वर सरकतात, ती डायामॅग्नेटिक शिफ्ट. या शिफ्टला जोडीचे दोन भार एकमेकांपासून किती लांब आहेत याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. तरंगफल, म्हणजे कण कुठे किती सापडेल ते सांगणारं फलन, आडवं किती पसरलंय ते ती सांगते. क्षेत्र आडवं केलं तर एरवी प्रकाश न देणारे डार्क एक्सायटॉनही प्रकाश देणाऱ्या ब्राइट एक्सायटॉनमध्ये मिसळून दिसू लागतात. एरवी त्यांचा पत्ताच लागत नाही, त्यामुळे मला हा प्रयोग विद्युतक्षेत्राच्या प्रयोगापेक्षा जास्त आवडतो.

तर उत्तर : बेरीज शून्य असते, रचना शून्य नसते, एक क्षेत्र दुरावा विचारतं, दुसरं पसारा आणि स्पिन. दोन्ही आकड्यांवरून आतलं इंडियम कुठे किती हे ठरवायचं तर मॉडेल धरावं लागतं, आणि एकाहून जास्त मॉडेलं माझ्या आकड्यांत बसतात. सॅम्पल कापून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहता येईल. पण ज्या डॉटची रेषा मोजली, नेमका तोच त्या कापात सापडायला हवा, आणि कापल्यावर त्याच्यावर पुन्हा क्षेत्र लावता येणार नाही. म्हणून अजून कापलेलं नाही.