बाबांना ऐकू येतं, पण कळत नाही

"बाबांना ऐकू येत नाही, जोरात बोला," असं घरातलंच कुणीतरी पाहुण्यांना सांगतं आणि पाहुणे बाबांच्या कानाशी ओरडायला लागतात. बाबा आठ्या घालून मागं सरकतात. आवाज त्यांना येतोच, शब्द उमगत नाहीत.

बाबांनी उभं आयुष्य इचलकरंजीत यंत्रमागावर काढलं. धोट्याच्या मागांचा खडखडाट ज्यानं ऐकलाय त्याला वेगळं सांगायला नको. ९० डेसिबलच्या वरचा आवाज, तोही पाळीभर, आणि कानात फार तर कापसाचा बोळा. अशा आवाजानं आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरतात आणि माणसात त्या परत येत नाहीत. पहिला घाव बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या पट्टीत बसतो. बाबांच्या तपासणीच्या आलेखातली रेघ डावीकडं, खालच्या पट्टीत, बरी आहे; उजवीकडं, वरच्या पट्टीकडं जाताना एकदम कोसळते.

स, श, फ, त ही व्यंजनं ओळखू येतात ती याच वरच्या पट्टीतल्या आवाजामुळं. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत. म्हणजे 'साप' म्हणा, 'ताप' म्हणा, बाबांपर्यंत नीट पोहोचतो तो मधला 'आ'. ओरडलं की तो 'आ'च मोठा होतो. शिवाय अशा कानांना हळू आवाज येत नाही आणि मोठा लगेच टोचतो. "ओरडू नकोस गं, नीट सांग," हे बाबांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे.

मागावर कुणाचंच बोलणं ऐकू यायचं नाही. सगळं ओठांवर आणि हातवाऱ्यांवर चालायचं. ती नजर अजून शाबूत आहे. समोर बसलं, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड असला, टीव्ही बंद असला की ते बरंच पकडतात. कोविडमध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा त्यांचा हा आधारही गेला होता. तरी 'पाय' आणि 'माय' ओठांवर सारखेच दिसतात. म्हणून मी विषय आधी सांगते: "बाबा, लाइटबिलाचं बोलतेय." नाही कळलं तर तेच वाक्य घोकत नाही, दुसऱ्या शब्दांत सांगते. आकडे कागदावर.

कानाचं मशीन घेतलंय, उपयोगही होतो. पण लग्नाच्या हॉलमध्ये भांडी, बँड, पोरांचा दंगा सगळं त्यातूनच आत येतं. अर्धे ऐकलेले शब्द दिवसभर जुळवून संध्याकाळी ते खरंच थकलेले असतात.

मला राग येतो तो "काही नाही, जाऊ दे"चा. "काय म्हणालास?" असं बाबांनी दुसऱ्यांदा विचारलं की हे उत्तर मिळतं, आणि पुढचा तासभर ते काहीच विचारत नाहीत. तीच गोष्ट पुन्हा सांगायला अर्धं मिनिट लागतं हो!

भाऊ पुण्यात असतो. साध्या फोनवर बाबा दोनदा "हो, हो" म्हणून फोन माझ्याकडं द्यायचे. आता तो खिडकीकडं तोंड करून व्हिडिओ कॉल करतो, आणि सुताच्या भावावरून दोघांची चांगली जुंपते.